पांढरं जातं कुठे?

माझ्या दाजींना कुठलीही वस्तू टाकून देता येत नाही. लोक याला काटकसर म्हणतात. मी त्यांच्याच बेकरीत काउंटरवर बसते, त्यामुळे मला विचाराल तर हे व्यसन आहे. पावाच्या कडा उरल्या की त्यांचा चुरा होतो, चुरा उरला की तो टोस्टच्या ट्रेखाली पसरला जातो, आणि तिथूनही उरला की चिमण्यांच्या वाट्याला जातो. कान तुटलेल्या कपात ब्रश उभे असतात, फाटलेल्या एप्रनची फडकी होतात, आणि फडकी फाटली की त्यांच्या वाती करून दाराच्या फटीत कोंबल्या जातात. तुम्ही कचऱ्यासाठी म्हणून काहीही उचला, ते पाठमोरे असले तरी त्यांना कळतं. "असू दे," ते म्हणतात, "कामाला येईल."

आख्ख्या गल्लीत त्यांचं नाव 'असूदे' पडलंय. बोर्डावर बेकरीचं नाव चांगलं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे, पण पत्ता विचारणारा विचारतो, "असूदेंची बेकरी कुठे?" आणि समोरचा बरोबर बोट दाखवतो.

बेकरी लहानच आहे. पुढच्या खोलीत काचेचं कपाट, मी आणि गल्ला. मागच्या खोलीत विटांची भट्टी, गुळगुळीत दगडी टेबल, मैद्याची पोती आणि पीठ मळायचं मोठं मशिन. मशिनचा हूक धुऊन खिळ्याला टांगून ठेवायचा हा दाजींचा नियम. त्याच्याही मागे छोटं अंगण आणि त्यात नळ. ताई, म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण, मागची खोली सांभाळते, बनांना आकार देते, आणि उरलेल्या वेळात आम्हा दोघांची भांडणं सोडवते.

आमचे कस्टर्डचे बन लांबलांबचे लोक न्यायला येतात. कस्टर्डात दूध, साखर, मक्याचं पीठ आणि अंड्याचा फक्त बलक घालायचा, पांढरं नाही, आणि ते उकळण्याच्या बाबतीत दाजी कुणाचं ऐकत नाहीत. पातेल्यात घट्टपणा आला की नवखा माणूस फसतो आणि पातेलं उतरवतो. दाजी हात धरतात. मधोमध बुडबुडे फुटायला हवेत, आणि फुटायला लागल्यावरही थोडा वेळ ढवळत राहायला हवं. "नाहीतर बलकातलं काहीतरी रात्रभर पिठाला खात बसतं," ते सांगतात. काहीतरी म्हणजे काय, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, त्यांच्या वडिलांनी तसं सांगितलं होतं. मी एकदा घाई केली. दुसऱ्या दिवशी सगळ्या बनांतून पाणी गळत होतं. दाजी रागावले नाहीत, "असू दे" म्हणाले, आणि ते ओले बन आम्ही सगळ्यांनी मिळून दोन दिवस खाल्ले. त्यापेक्षा रागावले असते तर परवडलं असतं.

पूर्वी पांढऱ्याचीही बिस्किटं व्हायची. पांढरं साखर घालून फेटायचं आणि निवत्या भट्टीत वाळवायचं. तोंडात टाकली की विरघळणारी कुरकुरीत बिस्किटं. मग लोकांना चॉकलेटची चटक लागली, बिस्किटं कपाटात पडून राहायला लागली, आणि दोनेक वर्षांपूर्वी आम्ही ती बंद केली.

दाजींचं दुखणं तोंडापासून सुरू झालं. ओठांच्या कोपऱ्यांत आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना कातडी लाल झाली, तिचे पापुद्रे निघायला लागले. "दाजी, जॅम चोरून खाता की काय?" मी विचारलं. ते हसले. मग डोळे लाल झाले, ते आम्ही मैद्यावर ढकललं. मग केस विरळ व्हायला लागले. पंचावन्नाव्या वर्षी केस जाणं यात विशेष काही नाही, पण त्यांच्या भुवयाही चालल्या होत्या. "तुमच्या टोपीला आता सुट्टी द्या, तिला काही काम उरलं नाही," असं मी म्हणाले तेव्हा मात्र ते हसले नाहीत. त्यांनी टोपी काढून तिच्याकडे पाहिलं आणि परत घातली.

त्यानंतर ते हसेनासेच झाले. हा माणूस पहाटे कामाला लागला की मशिनच्या आवाजावर आवाज चढवून गात असतो, बेसूर पण मनापासून. ते गाणं थांबलं. मधूनच मैद्याच्या पोत्यावर बसून राहायचे, हाक मारली तरी ऐकू न आल्यासारखे. ताईने खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, पायाच्या बोटांना मुंग्या येतात. पुढे हातांना यायला लागल्या. आणि मग मुंग्या जाऊन तिथे काहीच उरलं नाही.

ते काहीच नसणं आम्हाला कळलं ते एका सकाळी ताईच्या किंकाळीने. मी मागे धावले. दाजींनी नेहमीसारखं फडकं घेऊन भट्टीतून ट्रे काढला होता. फडकं सरकलं होतं आणि उजव्या हाताची तीन बोटं थेट तापलेल्या पत्र्यावर होती. तसेच ते भट्टीपासून टेबलापर्यंत चालत आले, सावकाश ट्रे ठेवला आणि वाकडा बसलेला एक बन सरळ केला. बोटांची कातडी पांढरी पडून सुटली होती. दाजी त्या बोटांकडे असे पाहत होते की जणू ती कुणा परक्याची आहेत.

"कळलंच नाही मला," ते म्हणाले.

मला त्या दिवशी खरी भीती वाटली, आणि ताईला माझ्याहून जास्त. कारण दाजींच्या वडिलांचंही असंच झालं होतं. आधी पाय, मग हात, मग अंथरूण. काय झालं होतं ते तेव्हा कुणी नीट सांगितलं नाही. कित्येक वर्षं दाजींनी त्यांना उचलून बसवलं, भरवलं, कूस बदलून दिली. ताई लग्न होऊन आली ती थेट त्या आजारपणाच्या खोलीत.

दोन-तीन डॉक्टर करून झाले. साखर तपासली, ती ठीक निघाली. मलमांच्या ट्यूब रिकाम्या झाल्या. (त्या ट्यूब दाजींनी कात्रीने उभ्या चिरून आतलंही मलम काढून लावलं, हे सांगायला नकोच.) गल्लीतल्या डॉक्टरांनी तोंडाभोवतीचं पुरळ बघून जस्त कमी असेल म्हणून गोळ्या दिल्या. गोळ्या संपल्या, पुरळ होतं तिथेच राहिलं.

मग एका दुपारी एक गृहस्थ दुकानात आले. त्यांनी बन घेतला नाही, पाव घेतला नाही. ताई नेमकी बाजारात गेली होती. ते सरळ मागच्या खोलीत गेले आणि खिशातून टेप काढून भट्टीची भिंत मोजायला लागले.

"काय करताय?" मी विचारलं.

"ही भट्टी पाडली ना, की इथे काचेचं छान कपाट बसेल," ते खुशीत म्हणाले. "मोबाइलची कव्हरं, चार्जर वगैरे. मालकांशी बोलणं झालंय माझं. रविवारी पक्कं करू."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दाजी अंगणात नळापाशी बसून डाव्या हाताने ट्रे घासत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"दाजी, तुम्हाला चिंधी टाकवत नाही आणि भट्टी विकायला काढलीत?"

त्यांनी वर पाहिलं नाही. "हळू बोल. तुझी ताई येईलच एवढ्यात, तिला अजून सांगितलं नाही."

"का पण?"

"माझ्या बापाला उचलताना मी तिला घाम पुसताना बघितलंय. नवी नवरी होती गं ती. तिचे ते दिवस माझ्या घराने खाल्ले. आता पुन्हा तेच तिच्या नशिबी नको. हात आहेत तोवर विकतो. म्हणजे तिला बसून खाता येईल, आणि मला उचलायला माणूस ठेवता येईल."

मी त्यांच्याशेजारी बसले आणि दुसरा ट्रे घासायला घेतला. पण माझ्या पोटात गोष्ट टिकत नाही, त्यामुळे संध्याकाळच्या आत ताईला सगळं कळलेलं होतं.

ताई रडेल असं मला वाटलं होतं. तिने आधी टेबल पुसलं, फडकं पिळून वाळत घातलं, आणि मग नवऱ्यासमोर जाऊन बसली.

"मोठ्या हॉस्पिटलात जाऊन सगळ्या तपासण्या करून घ्या," ती म्हणाली. "तिथले डॉक्टर म्हणाले की हात येणार नाहीत, तर भट्टी मी स्वतः हातोड्याने पाडीन. पण त्यांनी म्हटल्याशिवाय एक वीट हलणार नाही."

दाजी हो म्हणाले. ताई असं बोलते तेव्हा दुसरं काही म्हणायची सोय नसते.

आठवड्याच्या मधल्या दिवशी त्यांना भरती केलं. बोटांना सुया टोचून झाल्या, नसांना बारीक करंट देऊन झाला, बाटल्याच्या बाटल्या रक्त गेलं. "एवढं रक्त काढलंय, उरलेलं परत घालतात का विचार," असं दाजी मला म्हणाले, तेव्हा मला जरा हायसं वाटलं. प्रत्येक डॉक्टर एकच प्रश्न विचारायचा, काय काय खाता, आणि दाजी इमानदारीत सांगायचे. दोन वेळचं घरचं जेवण, दोन कप चहा, दारू नाही, तंबाखू नाही. खाण्यात वावगं काही नाही, असं सगळ्यांचं मत पडलं.

इकडे बेकरी आम्ही दोघी चालवत होतो. पहाटे मी अंडी फोडायची, बलक वेगळा काढून ताईला द्यायचा. पहिल्या दिवशी पांढऱ्याचं भांडं फ्रीजमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर ताटली ठेवून दुसरं भांडं ठेवलं. तिसऱ्या दिवशी लोण्याला जागा उरली नाही.

"अगं, हे पांढरं जातं कुठे?" ताईने फ्रीजचं दार उघडं धरून विचारलं.

"मला काय माहीत? ते दाजींचं खातं. मी येते तेव्हा भांडं धुतलेलं असतं."

"मीही येते तेव्हा धुतलेलंच असतं. बिस्किटं बंद झाली तेव्हापासून... मोरीत ओतत असतील."

हे बोलून ती थांबली. आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा खो खो हसत सुटलो. दाजी आणि मोरीत ओतणार! त्यापेक्षा ते स्वतः मोरीत उतरले असते.

दुपारी डबा घेऊन हॉस्पिटलात गेलो. दाजी खाटेच्या काठावर बसले होते आणि एक तरुण डॉक्टरबाई, कातडीच्या, त्यांच्या उरल्यासुरल्या भुवया बॅटरीच्या उजेडात बघत होत्या. खरं तर थांबायला हवं होतं. पण ताईच्या डोक्यात फ्रीज होता.

"अहो, ते पांढरं कुठे जातं?"

"कुठलं पांढरं?"

"अंड्याचं. तीन दिवसांचं साठलंय. लोणी बाहेर ठेवलंय मी."

"मग पिऊन टाका की," दाजी म्हणाले.

"काय?"

"मी पितो ना रोज. सकाळी तुम्ही यायच्या आत. चिमूटभर मीठ घालायचं. पहिल्या घोटाला नको वाटतं, मग सवय होते. ताकद येते म्हणतात."

डॉक्टरबाईंचा बॅटरी धरलेला हात खाली आला.

"काका, काय पिता तुम्ही?"

"अंड्याचं पांढरं."

"कच्चं?"

"कच्चंच. उकडलं तर पिणार कसं?"

"किती?"

"मोठा ग्लास. काठोकाठ भरतो. डझनभर अंड्यांचं असतं."

"रोज? कधीपासून?"

"बिस्किटं बंद केली तेव्हापासून. झाली की दोन वर्षं."

"अहो, मी काल तुम्हाला तीनदा विचारलं, काय काय खाता म्हणून!"

दाजी खरोखरच बुचकळ्यात पडले. "तुम्ही खाणं विचारलंत," ते म्हणाले. "हे खाणं नव्हे. हे उरलेलं."

डॉक्टरबाईंनी बॅटरी खिशात टाकली, स्टूल ओढलं आणि बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे हसू पसरलं ते बघूनच मला निम्मा धीर आला. वाईट बातमी सांगणारा माणूस असा हसत नाही.

"सोपं करून सांगते," त्या म्हणाल्या. "आपल्या शरीरात हजारो प्रकारची एन्झाइम असतात. शरीरातली जवळजवळ सगळी कामं तीच उरकतात. जे काम आपोआप व्हायला वर्षं लागली असती, ते एन्झाइम क्षणात करतं, आणि स्वतः न झिजता पुढच्या कामाला लागतं. पण प्रत्येकाला एकच काम येतं. कुणी चरबी बनवतं, कुणी साखर तयार करायला मदत करतं, कुणी प्रथिनांचे तुकडे मोडतं. आणि यातल्या बऱ्याच जणांना एकट्याने काम जमत नाही. सोबत एक छोटा सहायक लागतो. कधी तो धातूचा कण असतो, जस्त किंवा लोखंड किंवा मॅग्नेशियम. कधी एखादं जीवनसत्त्व. तो आपल्या जागी बसला की एन्झाइम चालू. नसला, की एन्झाइम धडधाकट असूनही नुसतं पडून."

"म्हणून जस्ताच्या गोळ्या दिल्या होत्या?" ताईने विचारलं.

"हो. जस्त कमी पडलं तरी तोंडाभोवती असंच पुरळ येतं. त्यांचा अंदाज चुकीच्या दिशेने नव्हता. सहायकच हरवलाय, पण दुसरा. बायोटिन नावाचं जीवनसत्त्व आहे. लागतं अगदी कणभर, आणि जवळपास सगळ्या खाण्यात थोडंफार असतं, त्यामुळे सहसा कुणाला कमी पडत नाही. काका, तुम्ही मात्र ते कमी पाडून दाखवलंत. कच्च्या पांढऱ्यात एक प्रथिन असतं. ते बायोटिनला इतकं घट्ट धरतं की आतड्याला ते सोडवून घेता येत नाही. तुम्ही घरचं चांगलं जेवत होतात आणि तुमचा तो ग्लास त्यातलं बायोटिन धरून बाहेर नेत होता. दोन वर्षं. मग ज्या ज्या एन्झाइमना बायोटिन लागतं, ती बंद पडली. कातडी, केस, नसा, आणि मनावर जे मळभ आलंय ना, तेसुद्धा त्याचंच असणार."

दाजी खाली मान घालून आपल्या पट्टी बांधलेल्या बोटांकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे मशिन जळलेलं नाही?"

"कुठलं मशिन?"

"आमच्याकडे पीठ मळायचं मशिन आहे. मोटर चांगली, भांडं चांगलं. पण हूक लावायचा राहिला तर मधला दांडा नुसता गरगरतो आणि पीठ असतं तिथेच. बघणाऱ्याला वाटतं, मशिन गेलं. तसंच आहे का हे?"

"अगदी तसंच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मशिन शाबूत आहे. हूक नाही. तो मी गोळीतून देते."

माझा जीव भांड्यात पडला. ताईचं काय झालं ते कळायला एक क्षण लागला, कारण ती उभ्या उभ्या डब्याचं झाकण उघडत होती आणि लावत होती. मग ती एकदम फुटली.

"दोन वर्षं! दोन वर्षं मला न सांगता ते बुळबुळीत पीत होतात! भट्टी विकायला निघालात! माणूस ठेवणार होतात उचलायला! तुमच्या त्या 'असू दे'ला आग लागो!" असं म्हणत ती रडत होती आणि रडता रडता त्यांच्या डोक्यावरचे चार केस नीट करत होती.

"पण चांगलं अंडं गं," दाजी पुटपुटले. "टाकायचं कसं?"

"उकडून, भाजून खुशाल खा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "उष्णतेने त्या प्रथिनाची घडी मोडते. मग त्याला काही धरता येत नाही. एन्झाइमचंही तेच. घडी मोडली की काम संपलं."

दाजींनी झटकन माझ्याकडे मान वळवली. कित्येक महिन्यांत त्यांनी एवढ्या चपळाईने काही केलं नव्हतं. "बुडबुडे!" ते म्हणाले.

मग डॉक्टरबाईंना कस्टर्डची सगळी हकिगत ऐकावी लागली. त्यांनीही ती आवडीने ऐकली आणि सांगितलं की बलकात पिठूळ पदार्थ फोडणारं एक एन्झाइम असतं, नीट उकळलं नाही तर ते टिकून राहतं आणि कस्टर्ड पातळ करतं.

"माझे वडील त्याला 'काहीतरी' म्हणायचे," दाजी म्हणाले.

"वा!" मी म्हणाले. "म्हणजे गिऱ्हाइकाचा बलक बुडबुडे फुटेपर्यंत सोडायचा नाही, आणि स्वतः मात्र पांढरं कच्चं ढोसायचं!"

दाजींनी घाईघाईने ताईच्या हातातला डबा घेतला, आणि याचा मला मनापासून आनंद झाला.

निघताना ताईने डॉक्टरबाईंना बाहेर गाठलं. मीही मागे होतेच. "हात येतील ना?" तिने विचारलं.

"लघवीची एक तपासणी पाठवते, तिचा निकाल यायला वेळ लागेल, पण गोळ्या आजच सुरू करू. कातडी लवकर सुधारेल. केसांना काही महिने लागतील. नसांचं थोडं सावकाश असतं. मला वाटतं, येतील. पण काकू, शब्द देत नाही."

शनिवारी दाजी घरी आले, आणि रविवारी टेपवाले गृहस्थ सुताराला घेऊनच आले. ताई त्यांना दारातूनच परत लावणार होती, पण दाजींनी तिला थांबवलं. "डॉक्टरबाई शब्द देत नाही म्हणाल्यात," ते म्हणाले. "हात नाही आले तर विकावीच लागेल. यांना आत्ताच का तोडायचं?" मग गृहस्थांना म्हणाले, "दोन महिने थांबा." गृहस्थ कुरकुरत तयार झाले आणि जाता जाता पुन्हा एकदा भिंत मोजून गेले, ती मधल्या काळात आखडली असेल अशा संशयाने.

पंधरा दिवसांत तोंडाभोवतीची लाली ओसरली. डोळे निवळले. तपासणीचा निकाल आला, डॉक्टरबाईंचं म्हणणं बरोबर निघालं. एका पहाटे मी दुकानाचं कुलूप काढत होते तेव्हा मशिनच्या आवाजावर चढलेलं बेसूर गाणं ऐकू आलं. मी बाहेरच उभी राहिले. किल्ली हातात धरून, संपूर्ण गाणं होईपर्यंत. एवढं घाण गाणं ऐकून डोळ्यांत पाणी यावं, असं माझ्या बाबतीत परत व्हायचं नाही.

पांढऱ्याची बिस्किटं पुन्हा सुरू झाली. ती खपोत न खपोत, पांढरं भट्टीतूनच जाईल, असा ताईचा हुकूम होता. आणि गंमत म्हणजे ती खपली. लोकांना मधल्या काळात चॉकलेटचा कंटाळा आला असावा.

हात मात्र येत नव्हते. दाजी आम्हाला कळू न देता बघायचे. चहाचा कप बाहेरून धरायचे, भट्टीच्या दाराजवळ तळवा न्यायचे, खिळ्यावरच्या हुकाचं टोक बोटाने दाबायचे. मी काचेच्या कपाटात त्यांचं प्रतिबिंब बघायचे. ते हात झटकायचे आणि कामाला लागायचे. ट्रे काढायला ताईने त्यांना साफ मनाई केली होती. ट्रे आम्ही दोघी काढायचो, आणि ते बाजूला उभं राहून, फडकं असं धरा, तसं धरा, असं शिकवत राहायचे. पायाच्या बोटांना पुन्हा मुंग्या येतात, असं ते एकदा म्हणाले. पूर्वी मुंग्या आल्या म्हणून घाबरलेली ताई त्या दिवशी मुंग्या आल्या म्हणून खूश झाली. पण हातांबद्दल ते काही बोलले नाहीत आणि आम्ही विचारलं नाही.

दोन महिने संपले त्या सकाळी मी काउंटरवर होते. दुपारी टेपवाले येणार होते. ताई अंगणात नळावर भांडी घासत होती. बिस्किटांचा ट्रे भट्टीत होता, तो काढायची वेळ झालेली मला वासावरून कळली होती, पण समोर एक आजोबा पाव कालचा की आजचा यावर हुज्जत घालत होते. दाजींनी वाट बघितली असेल. मग बिस्किटं करपतील म्हणून त्यांना राहवलं नसेल. करपलेली बिस्किटं म्हणजे वाया गेलेली बिस्किटं.

मागून आरोळी आली. "आई गं!" आणि पाठोपाठ पत्रा फरशीवर आदळल्याचा दणका.

मी आजोबांना तिथेच सोडून आत धावले. ताई ओल्या हातांनी अंगणातून धावत आली. फरशीवर ट्रे उलटा पडला होता आणि बिस्किटांचा पांढरा चुरा भिंतीपर्यंत उडाला होता. दाजी मधोमध उभे होते, उजव्या हाताचं एक बोट डोळ्यांसमोर धरून.

"भाजलं," ते म्हणाले.

आम्ही दोघी बघतच राहिलो.

"अगं, भाजलं मला! चांगलंच भाजलं!" ते ओरडले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तोंड कानापर्यंत फाकलं होतं. "केवढा चटका बसलाय! बघ, लाल झालंय! आग आग होतेय!"

ताई मैद्याच्या पोत्यावर मटकन बसली आणि पदरात तोंड खुपसून हुंदके द्यायला लागली. टेपवाल्यांना काय सांगायचं, हे कुणाला ठरवावं लागलं नाही. मग ती उठली, डोळे पुसले, नवऱ्याचं मनगट धरलं आणि त्यांना ओढत अंगणात नळाशी नेलं. तिने धार सोडली आणि बोट त्याखाली धरायला गेली. दाजींनी हात मागे घेतला.

"असू दे," ते म्हणाले. "जरा झोंबू दे."

ताईने नळ बंद केला, आणि त्यांचा हात तसाच हातात घेऊन उभी राहिली.